हाताच्या ताठरपणाचे मोजमाप

कुदळ धरण्यापासून लेखणी चालविण्यापर्यंतची माणसाची असंख्य कामे हाताच्या पंजाने होतात. परंतु पंजाला चालविणारे बळ मुख्यतः पंजात नसते. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात, म्हणजेच अग्रबाहूत, सुमारे २० स्नायू आहेत. त्यांपैकी तळहाताच्या बाजूचे बहुतेक स्नायू मनगट वाकविण्याचे व बोटे मिटण्याचे काम करतात, तर मागील बाजूचे स्नायू मनगट उचलतात व बोटे उघडतात. या दोन गटांत समतोल असतो, म्हणूनच माणूस वस्तू धरू शकतो आणि ती सोडूही शकतो. हा समतोल ढळला की मूठ मिटलेलीच राहते, मनगट आत वळते आणि घास घेणे, बटण लावणे यांसारख्या साध्या क्रियाही परस्वाधीन होतात. पक्षाघात, मेंदूला झालेली इजा, सेरेब्रल पाल्सी म्हणजे बालपणापासून असणारा मेंदूचा पक्षाघात, कंपवात अशा विकारांत ही अवस्था कमीअधिक प्रमाणात आढळते.

अशा हातात ताठरपणा किती आहे, हे दीर्घकाळ तपासणाऱ्याच्या स्पर्शावरूनच ठरविले जात असे. अलीकडच्या काळात तो अंकांत मोजणारी, हातात धरता येण्याजोगी लहान उपकरणे उपलब्ध झाली आहेत. या मोजमापाची पद्धत, त्यातून मिळणाऱ्या आकड्यांचा अर्थ आणि त्याच्या मर्यादा यांची माहिती आरोग्य, शिक्षण व ग्रामविकास या क्षेत्रांत काम करणाऱ्यांना उपयुक्त ठरावी.

बळ, ताण आणि ताठरपणा

या संदर्भात तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली गोष्ट म्हणजे बळ. माणूस स्वतःच्या इच्छेने स्नायू आकुंचित करून जो जोर लावतो, ते त्याचे बळ. हाताची पकड मोजणाऱ्या यंत्राची मूठ दाबली की हे बळ किलोग्रॅममध्ये दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे स्नायूंचा स्वाभाविक ताण. हात निवांत ठेवलेला असतानाही स्नायू पूर्णपणे सैल पडत नाही. त्यात थोडा तणाव असतो. वैद्यकीय व्यवहारात यालाच 'मसल टोन' म्हणतात. तिसरी गोष्ट म्हणजे ताठरपणा. बाहेरून दाब दिला असता स्नायू आपला आकार बदलण्यास जो विरोध करतो, तो त्याचा ताठरपणा होय.

घरातील बाज आणि मैफलीतील तबला यांच्या उदाहरणाने हा भेद सहज ध्यानात येईल. घट्ट विणलेल्या बाजेवर हात दाबला तर ती थोडीच दबते. सैल बाज त्याच दाबाने खोल जाते. हा ताठरपणातील फरक. तबल्याचे गठ्ठे ठोकून वादी ताणली की स्वर चढतो, कारण पुडीवरील ताण वाढून तिची कंपने जलद होतात. हा ताणातील फरक. स्नायूंच्या बाबतीतही ताण वाढला की कंपने जलद होतात आणि ताठरपणा वाढला की स्नायू कमी दबतो.

बळ व ताठरपणा यांचा संबंध सरळ नाही, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. भरपूर कष्ट करणाऱ्या माणसाचा हात कामात बळकट, पण विसाव्यात मऊ असू शकतो. उलट, पक्षाघात झालेल्या माणसाच्या हातात पेला उचलण्याचे बळ नसते, तरी तोच हात लाकडासारखा कठीण लागतो. त्यामुळे 'हात कडक झाला म्हणजे त्यात ताकद आली' ही समजूत चुकीची ठरते.

स्पर्शाची परीक्षा

मेंदूच्या विकारामुळे येणाऱ्या ताठरपणाची परीक्षा वैद्यकशास्त्रात पूर्वीपासून केली जाते. ब्रायन ॲशवर्थ यांनी १९६४ मध्ये त्यासाठी ० ते ४ अशी ५ पायऱ्यांची श्रेणी मांडली. तपासणारी व्यक्ती रुग्णाचा सांधा स्वतः हलविते आणि किती विरोध जाणवला त्यावरून श्रेणी देते. विरोध मुळीच वाढलेला नसल्यास ० आणि सांधा हलेनासाच झाल्यास ४. पुढे १९८७ मध्ये बोहॅनन व स्मिथ यांनी १ आणि २ यांच्या दरम्यान '१ अधिक' ही आणखी एक पायरी घातली. या सुधारित श्रेणीचा उपयोग आजही जगभर होतो. तिला उपकरण लागत नाही, खर्च येत नाही आणि खेड्यातील घरातही ती वापरता येते, हे तिचे मोठे गुण आहेत.

तथापि, तिच्या मर्यादाही उघड आहेत. जाणवलेला विरोध '१' म्हणावा की '१ अधिक', याविषयी दोन तपासणाऱ्यांचे मत भिन्न होऊ शकते. पायऱ्या मोजक्याच असल्यामुळे हळूहळू होणारी सुधारणा तीत उमटत नाही. महिनाभर नेमाने उपचार घेतलेल्या रुग्णाला श्रेणी तीच राहिल्याचे सांगितले जाते, तेव्हा उपचार निष्फळ ठरला की सुधारणा श्रेणीच्या दोन पायऱ्यांमध्येच अडकली, याचा उलगडा होत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी स्नायूंच्या गुणधर्मांचे अंकांत मोजमाप करण्याचे प्रयत्न झाले.

एस्टोनियातील उपकरण

या प्रयत्नांपैकी एक महत्त्वाचा प्रयत्न बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनिया या लहान देशात झाला. तेथील टार्टू विद्यापीठ १६३२ मध्ये स्थापन झालेले आहे. या विद्यापीठातील जैवयांत्रिकीचे अभ्यासक आर्वेद वाइन यांनी स्नायूला हलका ठोका देऊन त्याच्या कंपनांवरून त्याचे गुणधर्म ओळखण्याची पद्धत विकसित केली. त्यातूनच आज 'मायोटन' या नावाने ओळखले जाणारे उपकरण तयार झाले.

हे उपकरण एका हातात मावते. त्याच्या टोकाशी एक बारीक दांडी असून ती त्वचेवर काटकोनात टेकविली जाते. दांडीचा त्वचेवर आधी ०.१८ न्यूटन एवढा, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम वजनाइतका, हलका दाब पडतो. त्यामुळे त्वचा व तिच्याखालील थर किंचित दाबले जातात. मग उपकरण आपोआप ०.४० न्यूटनचा, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम वजनाइतक्या जोराचा ठोका देते. हा ठोका केवळ १५ मिलिसेकंद टिकतो आणि लगेच सोडून दिला जातो. ठोका सुटताच स्नायू काही क्षण कंप पावतो व थांबतो. दांडीला जोडलेला त्वरणमापक ही कंपने टिपतो आणि त्यांवरून सर्व गणित उपकरणातच होते. सुई टोचावी लागत नाही, विजेचा झटका बसत नाही आणि वेदनाही होत नाहीत. त्यामुळे लहान मुले व वृद्ध यांच्या बाबतीतही ही तपासणी करता येते.

उपकरणाचा आटोपशीरपणा किती उपयोगाचा आहे, याचे एक उदाहरण पृथ्वीबाहेरचे आहे. अंतराळात शरीराचा भार स्नायूंवर पडत नाही, त्यामुळे ते दुबळे होऊ लागतात. या बदलांचा मागोवा घेण्यासाठी बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी युरोपीय अंतराळ संस्थेच्या सहकार्याने एक प्रयोग आखला. २०१८ मध्ये जर्मन अंतराळवीर अलेक्झांडर गेर्स्ट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात असताना या उपकरणाने तेथे स्नायूंची मोजणी झाली. मोठी यंत्रसामग्री नेणे जेथे अशक्य, तेथे लहान उपकरण उपयोगी पडते, हा त्यातील बोध होय.

आकड्यांचा अर्थ

मोजणीनंतर उपकरणावर अनेक आकडे दिसतात. त्यांपैकी तीन प्रमुख आहेत.

पहिला आकडा कंपनांच्या वारंवारतेचा असून तो हर्ट्झमध्ये असतो. १५ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १५ कंपने या वेगाचे स्पंदन. हा आकडा स्नायूच्या विसाव्यातील ताणाचा निदर्शक मानला जातो. ताण जितका अधिक, तितकी वारंवारता अधिक.

दुसरा आकडा ताठरपणाचा. तो न्यूटन प्रति मीटर या एककात असतो. एकक अपरिचित वाटले तरी अर्थ सोपा आहे. ताठरपणा ३०० न्यूटन प्रति मीटर असेल, तर तो भाग १ मिलिमीटर दाबण्यासाठी ०.३ न्यूटन, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. हाच आकडा ६०० झाला, तर तेवढ्याच दाबासाठी दुप्पट जोर लागेल.

तिसरा आकडा कंपने किती लवकर विरतात हे दाखवितो. एकदा झोका देऊन सोडलेला झोपाळा हळूहळू थांबतो. त्याच्या कड्या गंजलेल्या असतील तर तो लवकर थांबतो. स्नायूचेही असेच आहे. कंपने लवकर विरत असतील तर हा आकडा मोठा येतो आणि स्नायूची स्थितिस्थापकता, म्हणजे मूळ आकारावर परतण्याची क्षमता, कमी असल्याचे समजले जाते. या आकड्याला एकक नाही. येथे मोठा आकडा कमी स्थितिस्थापकता दर्शवितो, हे ध्यानात न ठेवल्यास अहवालाचा नेमका उलटा अर्थ लावला जाण्याची शक्यता असते.

मोजणीची शिस्त

उपकरण सोपे असले तरी मोजणी सोपी आहे असे नाही. हाताची ठेवण थोडी बदलली, तरी स्नायूची लांबी बदलते आणि तिच्यासोबत आकडाही बदलतो. म्हणून व्यक्तीला आरामात बसवून अग्रबाहू मेजावर पूर्णपणे टेकवावा लागतो. तळहाताच्या बाजूचे स्नायू मोजावयाचे असल्यास तळहात वर ठेवला जातो. कोपराचा कोन, मनगटाची स्थिती व बोटांचा सैलपणा प्रत्येक वेळी सारखाच असावा लागतो. मोजणीची जागा कोपरापासूनचे अंतर मोजून त्वचेवर पेनाने खूण करून ठरविली जाते. अंदाजाने ठरविली जात नाही. मोजणीपूर्वी काही मिनिटे विश्रांती द्यावी लागते, कारण नुकत्याच केलेल्या श्रमाचा परिणाम आकड्यांत उतरतो. थंडीने आखडलेला, बोलताना नकळत आवळलेला किंवा भीतीने ताठलेला हात खरा आकडा देत नाही.

एकाच जागी लागोपाठ अनेक ठोके देऊन त्यांची सरासरी घेतली जाते आणि दोन्ही हातांची मोजणी केली जाते. याचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, पक्षाघात झालेल्या एका व्यक्तीच्या निरोगी हाताचा ताठरपणा ३०० व बाधित हाताचा ३९० न्यूटन प्रति मीटर आला. याचा अर्थ बाधित हात ३० टक्क्यांनी अधिक ताठर आहे. उपचारानंतर बाधित हाताचा आकडा ३४५ झाला. ४५ ने घट झाली, म्हणून उपचार लागू पडला असे लगेच म्हणता येईल काय? कोणताही उपचार न करता, तोच हात उचलून पुन्हा ठेवला व पुन्हा मोजला असता आकडा एरवीच ५० ने मागेपुढे होत असेल, तर या घटीवर विश्वास ठेवता येत नाही. पुनर्मोजणीतील फरक १० ते १५ इतकाच असेल, तर मात्र ४५ ची घट खरी मानण्यास आधार मिळतो. म्हणून मोजणारी व्यक्ती प्रशिक्षित असणे आणि तिच्या स्वतःच्या मोजणीतील चुकीचे प्रमाण आधी ठाऊक असणे, या दोन गोष्टी उपकरणाइतक्याच आवश्यक आहेत.

दोन भिन्न व्यक्तींच्या आकड्यांची तुलनाही जपून करावी लागते. वय, व्यवसाय, त्वचेखालील चरबीचा थर यांमुळे निरोगी माणसांचे आकडेही वेगवेगळे येतात. ज्या व्यक्तीचा हात, त्याच व्यक्तीच्या मागील मोजणीशी व दुसऱ्या हाताशी केलेली तुलना सर्वांत भरवशाची असते.

उपचाराची पारख

अशा मोजमापाचा खरा उपयोग उपचाराची पारख करण्यात आहे. पक्षाघातानंतर अग्रबाहूतील स्नायू फार ताठर झाल्यास काही रुग्णांना तज्ज्ञ डॉक्टर बोट्युलिनम टॉक्सिन या औषधाचे इंजेक्शन निवडक स्नायूंत देतात. त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसू लागतो आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या सुमारास ओसरत जातो. हे औषध महाग आहे. ते कोणत्या स्नायूत द्यावे, त्याचा गुण आला काय आणि पुन्हा द्यावे काय, हे प्रश्न रुग्णाच्या कुटुंबाच्या दृष्टीने केवळ वैद्यकीय नसून आर्थिकही असतात. इंजेक्शनपूर्वी व नंतर ठरावीक अंतराने घेतलेल्या मोजण्या डॉक्टरांच्या तपासणीला पूरक पुरावा देऊ शकतात. भौतिकोपचार व आधारपट्टी यांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल.

जे मोजले जात नाही

उपकरणाच्या मर्यादा न जाणता त्यावर विसंबणे हितावह नाही. त्याचा ठोका पृष्ठभागालगतच्या स्नायूंपर्यंतच पोहोचतो. अग्रबाहूतील खोल थरांतील स्नायूंविषयी तो फारसे सांगत नाही. त्यासाठी स्वनातीत ध्वनिलहरींवर आधारलेली निराळी, अधिक खर्चिक यंत्रे वापरावी लागतात.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. मेंदूच्या इजेमुळे येणाऱ्या ताठरपणाचे एक लक्षण असे की, स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका तो अधिक विरोध करतो. जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये केलेल्या व्याख्येत याच वेगाधीनतेवर भर आहे. हातात धरावयाचे उपकरण मात्र निश्चल, विसावलेल्या स्नायूची परीक्षा करते. सांधा हलवून दिलेली श्रेणी आणि ठोक्याने मिळालेला आकडा हे दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. म्हणून एकाच रुग्णात ती परस्परांशी जुळतीलच असे नाही. शिवाय मज्जासंस्थेच्या अतिउत्तेजनामुळे आलेला ताठरपणा आणि दीर्घकाळ हालचाल न झाल्यामुळे स्नायू आखूड होऊन आलेला ताठरपणा, यांतील भेद केवळ एका आकड्यावरून करता येत नाही. दोहोंचे उपचार भिन्न असल्याने तज्ज्ञाच्या हाताची व डोळ्याची तपासणी अनिवार्यच राहते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात पुनर्वसन वैद्यकाची परंपरा जुनी आहे. मुंबईत हाजीअली येथे केंद्र शासनाची अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्य करीत आहे. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथूनच सुरू झाला. त्यानुसार वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना वर्षातून एकदा भेट देतात, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि आवश्यकतेनुसार त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार समाविष्ट असून त्यांत सेरेब्रल पाल्सी व कंपवात यांचाही अंतर्भाव आहे.

या व्यवस्थेत अग्रबाहूचा ताठरपणा मोजणारे उपकरण असो वा नसो, ताठर हात प्रथम दिसतो तो घरात, अंगणवाडीत व शाळेत. तीन-चार महिन्यांचे झाल्यावरही बाळ मूठ सतत घट्ट मिटूनच ठेवत असेल, वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच ते नेहमी एकच हात पुढे करीत असेल, झबल्यात हात घालताना तो ताठ लागत असेल, तर ही चिन्हे तपासणी पथकाच्या किंवा डॉक्टरांच्या नजरेस आणणे आवश्यक आहे. वर्गातील एखादे मूल पेन्सिल मुठीत आवळून धरत असेल किंवा एक हात नेहमी अंगाशी वाकवून ठेवत असेल, तर शिक्षकाने त्याला आळशी वा अडाणी न ठरविता पालकांशी बोलणे इष्ट ठरते. पक्षाघातातून वाचलेल्या ग्रामस्थाचा हात 'आता असाच राहायचा' असे मानून कुटुंब स्वस्थ बसले असेल, तर त्याला भौतिकोपचाराच्या सेवेपर्यंत पोहोचविण्यात पंचायत सदस्याचा वाटा मोठा असू शकतो. जोराने ओढून मूठ उघडण्याचे घरगुती प्रयत्न मात्र टाळावेत. हालचाली व हाताची ठेवण तज्ज्ञाकडून शिकून घ्यावी.

एखाद्या संस्थेने असे उपकरण खरेदी करण्याचे योजल्यास केवळ किमतीचा विचार पुरेसा नाही. प्रशिक्षित व्यक्ती, मोजणीची ठरलेली पद्धत, प्रत्येक रुग्णाची नियमित नोंद आणि त्या नोंदीवरून निर्णय घेणारा तज्ज्ञ या चार गोष्टींची सोय नसेल, तर उपकरण कपाटातच राहण्याचा संभव अधिक. अपूर्ण नोंदी तर अधिकच दिशाभूल करतात, कारण अंकाला एक प्रकारची अधिकारवाणी असते आणि चुकीच्या अंकावरही लोक विश्वास ठेवतात.

स्पर्शाने जाणवणारी, पण शब्दांत नेमकी सांगता न येणारी गोष्ट अंकांत मांडता येऊ लागली, ही वैद्यकशास्त्राची प्रगती खरीच. तिच्यामुळे उपचाराचा गुण पारखण्यास एक साधन मिळाले आहे. तथापि, ताठरपणाचा आकडा उतरला एवढ्याने उपचार सफल झाला असे होत नाही. ज्याचा हात, त्याला आपल्या हाताने घास घेता आला, सदऱ्याचे बटण लावता आले, पाटीवर अक्षर काढता आले, तरच ते मोजमाप सार्थकी लागले असे म्हणता येईल.